शाळेला परवडणारी माया

सप्टेंबरची पंधरा तारीख आली की आमच्या शहरातल्या शाळांच्या व्हरांड्यांत रंगीत कागदाच्या पताका लागतात. कोरून काढलेले पक्षी, फुलं, हसऱ्या कवट्या. ‘पापेल पिकादो’ म्हणतात त्यांना. स्पॅनिशभाषक समाजांचा ‘हिस्पॅनिक वारसा महिना’ सुरू होतो. १९६८ मध्ये अमेरिकी सरकारनं यासाठी एक आठवडा ठरवून दिला होता, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. मुली घेरदार झगे घालून नाचतात, आया तामालेसचे डबे भरून आणतात, मुख्याध्यापक दोन वाक्यं स्पॅनिशमध्ये बोलून टाळ्या घेतात. आणि त्याच आठवड्यात पालकसभेची नोटीस निघते: मंगळवार, सकाळी नऊ. तामालेस करून आणणाऱ्या बायकांपैकी कित्येक जणी मंगळवारी नऊ वाजता कुणाच्या तरी घरची फरशी पुसत असतात. काही जणी ऑफिसांची रात्रपाळीची सफाई उरकून नुकत्याच आडव्या झालेल्या असतात.

पताकांवर माझा राग नाही. पण त्या स्वस्त पडतात. सभा संध्याकाळी सातला घ्यायची तर शिक्षकांना थांबवावं लागतं, दुभाषा आणावा लागतो, धाकट्या पोरांना सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि या सगळ्याचे पैसे मोजावे लागतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पूर्व भागातल्या एका गृहपाठ-केंद्रात मी बरीच वर्षं गणित शिकवते आहे. तिथं बसून शाळांची माया जोखायची माझी एक ढोबळ कसोटी तयार झाली आहे: या मायेपायी शाळेला स्वतःचं काही बदलावं लागलं का?

मी तिथं पोचले ते काही समाजसेवेच्या उमाळ्यानं नाही. नवरा नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर, मी त्याच्या कुटुंबासाठीच्या एच-फोरवर. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे. २०१५ पासून आमच्यातल्या काही जणींना कामाचा परवाना मिळू लागला. तोवर घरात बसून बसून डोकं फिरायची वेळ आली होती. अंबाजोगाईला कॉलेजात गणित शिकवलेलं, त्यामुळं कुणीतरी सुचवलं, तिकडं पूर्वेला मुलांना शिकवायला माणसं हवी आहेत. ‘तिकडं पूर्वेला’ हे शब्द आमच्या मराठी मंडळींत आवाज जरा खाली आणून उच्चारले जातात. कूपर्टिनोहून गाडीनं जेमतेम पंचवीस मिनिटं. त्या भागात मेफेअर नावाची वस्ती आहे. पूर्वी तिथले रस्ते कच्चे होते, पावसात गाड्या चिखलात रुतायच्या, म्हणून लोक तिला ‘साल सी पुएदेस’ म्हणत. निघता आलं तर निघ. शेतमजुरांचे पुढारी सेसार चावेस तिथंच राहत होते आणि १९५२ मध्ये त्यांचं संघटनेचं काम तिथूनच सुरू झालं. आज तिथले बाप छपरं घालतात, बागा राखतात, हॉटेलांत भांडी घासतात. आमच्या नवऱ्यांची ऑफिसं रात्री साफ करणाऱ्यांतही तिथल्या आया असतात.

शाळेत नाव घालताना कॅलिफोर्नियात घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. मूल बोलू लागलं तेव्हा आधी कुठली भाषा शिकलं, घरात जास्त करून कुठली बोलतं, आईवडील त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलतात, घरातली मोठी माणसं आपसात कुठली बोलतात. चार प्रश्न. मी चारही ओळींत मराठी लिहिलं. मुलाची इंग्रजीची चाचणी झाली आणि त्याच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, दोन भाषा, किती छान! त्याच फॉर्मवर चारदा स्पॅनिश लिहिणाऱ्या आईला असं कौतुक क्वचितच ऐकू येतं. तिच्या मुलावर इंग्रजी-शिकाऊ असा शिक्का बसतो. सहा वर्षांत तो पुसला गेला नाही तर मूल ‘दीर्घकालीन’ शिकाऊंच्या यादीत जातं. मग इंग्रजीच्या जादा तासासाठी त्याचा चित्रकलेचा नाही तर बँडचा तास जातो. शाळेकडं बोट दाखवता येत नाही. तिनं नियमाप्रमाणं मदतच केलेली असते.

या राज्यानं भाषेच्या बाबतीत घातलेला घोळ खरोखर बघण्यासारखा आहे. १९९८ मध्ये मतदारांनी ६१ टक्के कौल देऊन शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळपास मोडीत काढलं. तो कायदा लागू असतानाच, २०११ मध्ये, दोन भाषा येणाऱ्या मुलांच्या हायस्कूल पदविकेवर मानाची मोहोर उमटवायचा दुसरा कायदा झाला. पहिला रद्द व्हायला २०१६ उजाडलं. आता स्पॅनिश-इंग्रजी दुभाषी वर्गांना सुगीचे दिवस आलेत, आणि प्रतीक्षायादीत इंग्रजी बोलणाऱ्या सुखवस्तू घरांची नावं मोठ्या संख्येनं दिसतात. ज्यांच्या घरची ही भाषा, त्यांनी ती शाळेच्या दाराशी उतरवून ठेवायची. ज्यांच्या घरची नाही, त्यांनी ती गुण मिळवायला शिकायची.

डिसेंबरातल्या रजेचंही तसंच. आम्ही मुलांना महिनाभर पुण्याला, औरंगाबादला नेतो. लग्नं उरकतो, शाळेला गोड भाषेत ईमेल लिहितो, आणि उत्तरात ‘अनुभव समृद्ध करणारा प्रवास’ असं काहीसं येतं. मेक्सिकोतल्या मिचोआकानला आजीकडं गेलेल्या मुलाच्या घरी गैरहजेरीचं पत्र जातं. यामागं पैशाचंही गणित आहे: कॅलिफोर्नियात शाळांना अनुदान पटावर मिळत नाही, हजेरीवर मिळतं. मूल गैरहजर की पैसे बुडाले. दोन्हीकडची मुलं गेली की सारखेच बुडतात, हे मात्र कुणी मोजून दाखवत नाही.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य ऋतू बदलल्यासारखं ठरावीक काळानं येतं: ‘त्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही.’ मी वाद घालायचं सोडलेलं नाही, फक्त आता लांबून सुरुवात करते. ऑरेंज काउंटीपासून.

चाळीसच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या या काउंटीत, वेस्टमिन्स्टर गावी गोन्सालो आणि फेलिसितास मेंदेस यांनी शतावरीचा एक मळा भाड्यानं घेतला. मळा मुनेमित्सू या जपानी कुटुंबाचा. महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा हे कुटुंब अॅरिझोनाच्या वाळवंटात पाठवलं गेलं होतं. मेंदेस यांच्या मुलांची आत्या सोलेदाद विदाउर्री आपली आणि भावाची मुलं घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली. तिची मुलं उजळ रंगाची, आडनाव विदाउर्री. त्यांना प्रवेश मिळाला. सिल्विया मेंदेस आणि तिचे भाऊ सावळे, आडनाव उघड उघड मेक्सिकन. त्यांना मेक्सिकन मुलांच्या शाळेत जा म्हणून सांगितलं. आत्यानं सगळीच मुलं माघारी आणली.

१९४५ मध्ये मेंदेस आणि आणखी चार कुटुंबं कोर्टात गेली. खटल्यासाठी माणसं जोडत गोन्सालो गावोगाव फिरायचे, मागं फेलिसितास मळा सांभाळायची. त्या मळ्याच्या कमाईवर खटला उभा राहिला. शाळेच्या अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं की ही मुलं स्वच्छतेत, कुवतीत, राहणीत कमी असतात. इंग्रजी येत नाही म्हणून वेगळी शाळा, असाही दावा होता. त्यावर चौदा वर्षांची एक मुलगी साक्षीला उभी राहिली आणि सगळी साक्ष तिनं इंग्रजीत दिली. फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यायमूर्ती पॉल मॅकॉर्मिक यांनी पालकांच्या बाजूनं निकाल दिला, १९४७ मध्ये वरच्या कोर्टानं तो कायम केला. देशभरच्या काळ्या-गोऱ्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा प्रसिद्ध निकाल यायला अजून सात वर्षं होती. तो खटला लढणारे थर्गुड मार्शल यांचं नाव मेंदेस खटल्यातल्या पाठिंब्याच्या निवेदनावरही होतं. (कोल्हापुरात शाहू महाराजांनी अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्येच बंद केल्या होत्या. ग्रुपवर हे लिहिलं की पाच मिनिटं शांतता असते.)

त्याच्याही आधी, १९३१ मध्ये, सॅन डिएगोजवळच्या लेमन ग्रोव्ह गावात मुख्याध्यापकानं मेक्सिकन मुलांना शाळेच्या दारातून वळवलं आणि नव्या वेगळ्या इमारतीकडं धाडलं. आईबापांनी त्या इमारतीला तबेला असं नाव ठेवलं आणि मुलं पाठवलीच नाहीत. लिंबाच्या बागांत राबणारी ही माणसं वकील गाठून कोर्टात गेली आणि जिंकली. शिक्षणाचं महत्त्व नसलेली माणसं ती हीच.

आणि १९६८ चा मार्च. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची, जेवणाच्या सुट्टीत शौचालयांना कुलपं असायची, समुपदेशक मुलांना कॉलेजचा रस्ता दाखवायचे सोडून कारखान्याच्या कामाला वळवायचे. साल कास्त्रो नावाचे शिक्षक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना अटक झाली, नोकरीवरून दूर केलं गेलं. समाजानं धरणं धरून त्यांना परत वर्गात आणलं.

आता ते दिवस नाहीत. कुलपं निघाली. २००० मध्ये १६ ते २४ वयाच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मुलांत शंभरातली सुमारे २८ हायस्कूल पुरं न करताच शाळेबाहेर होती. २०२१ पर्यंत हा आकडा ८च्या आसपास उतरला. वीस वर्षांत कुणाची संस्कृती बदलत नसते. म्हणजे दोष संस्कृतीत होता, हे म्हणणं तिथंच ढासळतं.

तरीही वर्गातला दुरावा संपलेला नाही. नव्वदच्या दशकात आंजेला वालेन्सुएला यांनी ह्यूस्टनच्या एका हायस्कुलात तीन वर्षं बसून जे टिपलं ते मला रोज दिसतं. शिक्षक म्हणायचे, या मुलांना शाळेची पर्वा नाही. मुलं म्हणायची, शिक्षकांना आमची पर्वा नाही. शिक्षकांची अपेक्षा अशी की मुलानं आधी अभ्यासात जीव ओतावा, मग आपण त्याच्याकडं लक्ष देऊ. मुलांचं म्हणणं उलटं: आधी मला माणूस म्हणून ओळखा, मग तुमचा अभ्यास. दोघंही एकमेकांच्या पहिल्या पावलाची वाट बघत बसलेले.

माझ्याकडं येणारी एक मुलगी होती. गणितात अशी की फळ्यावर उदाहरण उतरवून होईतो तिचं उत्तर तयार. शाळेत मात्र पहिल्या तासाला नापास, आणि पहिला तास गणिताचाच. आईची पाळी पहाटे पाचला सुरू व्हायची, बाप छपरांच्या कामावर त्याहून लवकर. दोन धाकट्या भावांना उठवून, खायला घालून, त्यांच्या शाळेत सोडून ही आपल्या शाळेत पोचायची तोवर पंचवीस मिनिटं गेलेली असत. शाळेनं तिच्यासाठी बरंच काही केलं. वेळेचं महत्त्व सांगणाऱ्या शिबिरात बसवलं. गजराचं घड्याळ भेट दिलं. तिनं ते मला दाखवलं तेव्हा आम्ही दोघी हसत सुटलो. चार वाजता उठणाऱ्या पोरीला घड्याळ!

वर्षाच्या मध्यात एक नवे समुपदेशक आले. त्यांचे आईवडील मिचोआकानचे, लहानपण सलिनासच्या शेतांच्या कडेला गेलेलं. पत्र धाडायच्या ऐवजी ते एका रविवारी तिच्या घरी गेले, आईनं समोर ठेवलेलं सगळं खाल्लं, आणि शाळेचा विषय काढायच्या आधी तासभर पावसापाण्याच्या, गावाकडच्या गोष्टी केल्या. सोमवारी त्यांनी मुलीचं वेळापत्रक उलटंपालटं केलं: पहिला तास रिकामा, गणित दुपारी. त्यासाठी दोन शिक्षकांशी भांडले, एका वर्गाची पटसंख्या ठरल्यापेक्षा वर गेली. धाकट्यांना पोचवायचं काम त्यांनी ‘अडचण’ म्हणून लिहिलं नाही, जबाबदारी म्हणून नोंदवलं, आणि पुढं शिफारसपत्रातही घातलं. दुपारच्या वर्गात तिला ‘ए’ मिळाला. हे लिहायलाही नको, इतकं ते उघड होतं.

दर २५० मुलांमागं एक समुपदेशक असावा, असं त्या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना सांगते. कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच शाळा त्याच्या जवळपासही नाहीत. सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं लॅटिनो, शिक्षकांत मात्र चारातला एक जेमतेम. रविवारी असं कुणाकुणाच्या घरी जाणारा माणूस किती घरं गाठणार? चांगल्या माणसांच्या जिवावर व्यवस्था ढकलत न्यायची, ही सवय इथंही आहे.

सॅन होजेच्या दक्षिणेला तासाभरावर वॉटसनव्हिलची स्ट्रॉबेरीची शेतं आहेत. हंगामी मजुरांसाठी राज्यानं अशा भागांत स्वस्त घरांच्या वसाहती बांधल्या आहेत. हंगाम संपला की त्या बंद. आणि नियम असा होता की पुढच्या हंगामात घर हवं असेल तर मधले निदान तीन महिने पन्नास मैलांपलीकडं राहायला जा. हंगामी मजूर खरोखर हंगामीच असावा, हा त्यामागचा हिशेब. परिणाम असा की नोव्हेंबरात पोरांचं दप्तर आवरायचं, दुसऱ्या गावी, कधी थेट मेक्सिकोत, आणि वसंतात परत. दर वर्षी दोन शाळा, दोन्हीकडं अर्धवट. त्याच मुलांना वर हजेरीचं महत्त्व शिकवायचं. पालक आणि त्यांच्या बाजूच्या संघटना वर्षानुवर्षं झगडल्या, तेव्हा २०१८ मध्ये शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांना काही प्रमाणात सूट मिळाली.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझे वडील धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. दिवाळी सरली की ऊसतोडीचा मुकादम यायचा, कोयते निघायचे, आणि वर्गातली बाकं रिकामी व्हायची. पोरं आईबापांबरोबर कारखान्याच्या थळात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत. पुढं साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली. कुठं चालली, कुठं कागदावर राहिली. वडील पोरांना गळती म्हणायचे नाहीत. हजेरीपटावर नावापुढं ते बारीक अक्षरात कारखान्याचं नाव लिहून ठेवायचे. साहेबांना ते आवडत नसे.

एक गोष्ट मात्र आमच्या केंद्रात येणाऱ्या उत्साही स्वयंसेवकांना परत परत सांगावी लागते: लॅटिनो म्हणजे एक संस्कृती नाही. नवी पिढी हल्ली ‘लातिने’ म्हणते, त्यातही सगळी मावतात असं नाही. मेक्सिकोतल्या ओहाकाकडून आलेल्या कित्येक घरांत मिश्तेको नाही तर त्रिकी या तिथल्या मूळ भाषा बोलतात. तिथं स्पॅनिश ही परकीच भाषा. शाळा स्पॅनिशमध्ये पत्र पाठवून निर्धास्त होते आणि पत्र न वाचलेलं राहतं. या बुटक्या, सावळ्या मुलांना चिडवण्यात मेक्सिकन मुलंच पुढं असतात, ‘ओहाकीता’ म्हणून. ऑक्सनर्डमध्ये मिश्तेको समाजाच्या संघटनेनं मोहीम काढली आणि २०१२ मध्ये तिथल्या शाळा-मंडळानं हे हिणवणं शाळांतून बंद करायचा ठराव केला. बीडची मराठी घेऊन पुण्याच्या वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही ही मोहीम समजायला वेळ लागणार नाही.

मायेचा खर्च शाळेनं हिशेबात धरला तर काय होतं, त्याचा एक नमुना आमच्या फार जवळ आहे. हेवर्डच्या शाबो कॉलेजात १९८१ मध्ये फेलिक्स गालाविस हे समुपदेशक आणि पॅट्रिशिया मॅकग्राथ या इंग्रजीच्या प्राध्यापक एकत्र बसले आणि त्यांनी लॅटिनो विद्यार्थ्यांच्या दोन हजारांवर गुणपत्रिका चाळल्या. दिसलं ते असं: ही मुलं समुपदेशकाकडं फिरकत नाहीत, कॉलेजच्या पातळीचा लेखनाचा वर्ग घेत नाहीत, आणि बहुतेक जण घरातले कॉलेजात आलेले पहिलेच. तिन्ही गोष्टींवर एकदमच उपाय केला. एक गट बांधायचा, त्याला एकच शिक्षक आणि एकच समुपदेशक, दोघंही वर्गात हजर. लिहायला विषय घरचे, गल्लीतले. वाचायला आपल्या समाजातले लेखक. आणि प्रत्येकाला त्याच समाजातला, नोकरीधंद्यात स्थिरावलेला एक मार्गदर्शक. ‘पुएन्ते’ (म्हणजे पूल) नावाचा हा उपक्रम पुढं राज्यभरच्या कॉलेजांत आणि हायस्कुलांत गेला. यात पताका कुठंच नाहीत. समुपदेशकाचे पगारी तास वर्गात घालवायची तयारी आहे, आणि कुठल्याही संस्थेत हीच सगळ्यात अवघड मंजुरी असते.

ग्रुपवर मी शेवटी एवढंच विचारते: आपल्याला या देशानं पदव्या तपासून आत घेतलं, त्यांना हात तपासून. मग दोन्ही घरांतल्या मुलांची गुणपत्रिका शेजारी ठेवून नेमकं काय मोजता आहात? यावर एक-दोन अंगठे येतात, मग कुणीतरी आमरसाचा फोटो टाकतं. आमच्याही मुलांवर कागदांची तलवार आहे. एच-फोरवरचं मूल २१ वर्षांचं झालं की आईबापांच्या व्हिसाखालून बाहेर पडतं. पण ते दुःख आम्ही त्यांच्या दुःखाशेजारी ठेवत नाही. आमचं कायदेशीर आहे ना.

जानेवारी २०२५ मध्ये शाळा, इस्पितळं, चर्च अशा ठिकाणी स्थलांतरितांवर कारवाई टाळायचं जुनं धोरण सरकारनं मागं घेतलं, तेव्हा केंद्रातल्या खुर्च्या काही काळ रिकाम्या दिसल्या. दारात कुणी आलं तर काय बोलायचं, कशावर सही करायची नाही, हे छापलेली लाल कार्डं मुलांच्या दप्तरांतून घरोघर गेली. त्या आठवड्यांत आम्ही गणित थोडं आणि बाकीचंच जास्त शिकवलं.

त्या मुलीच्या कॉलेजचं सांगायचं राहिलं. आर्थिक मदतीचा नवा केंद्रीय फॉर्म २०२४ च्या सुरुवातीला असा बिघडला होता की ज्यांच्या आईबापांकडं सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी क्रमांक, नाही त्या मुलांचा तो पुढंच सरकेना. ही स्वतः इथंच जन्मलेली, नागरिक. आईकडं नंबर नाही. मार्चमध्ये दुरुस्ती होईपर्यंत आम्ही दर आठवड्याला तोच पडदा बघत होतो. तिला डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातही प्रवेश मिळाला आणि इथल्याच सॅन होजे स्टेट विद्यापीठातही. मी डेव्हिसच्या बाजूची: दोन तास लांब, चांगलं गणित, आणि पोरीला जरा तरी मोकळं राहू दे. आईचं म्हणणं, घरून बसनं जाता येतं तर जेवणाखाणाचे, राहण्याचे पैसे का घालायचे, आणि धाकटे अजून लहान आहेत. समुपदेशक आईच्या बाजूनं. घरच्यांच्यात राहून शिकणारं मूल टिकतं, असा त्यांचा अनुभव. वर मला म्हणाले, ‘घर सोडलं तरच प्रगती, हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ मी म्हटलं, पुण्याच्या वसतिगृहानं. ती सॅन होजे स्टेटला जाते. आईनं पहाटेची पाळी बदलून घेतली आहे, भावांना आता बाप सोडतो. मला अजूनही वाटतं की डेव्हिस तिचं होतं, आणि समुपदेशक भेटले की आम्ही तो वाद तिथूनच पुढं चालू करतो.